'राइट' : एक इंग्रजी शब्द आणि त्याचे अनेक अर्थ

अष्टांगिक मार्ग इंग्रजी पुस्तकातून वाचावयास घेतला की अभ्यासवर्गात एक शंका हमखास निघते. 'सम्मा दिट्ठि' याला तेथे 'राइट व्ह्यू' म्हटलेले असते, 'सम्मा वाचा' याला 'राइट स्पीच', आणि अशा रीतीने आठही अंगांना 'राइट' हा एकच शब्द लावलेला असतो. पाचवी-सहावीतील मुले विचारतात, राइट म्हणजे उजवा ना? दहावीची मुले त्यांना हसतात आणि सांगतात, राइट म्हणजे बरोबर. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एखादा तरुण म्हणतो, राइट म्हणजे हक्क; संविधानात 'फंडामेंटल राइट्स' आहेत ते हेच. तिघांचेही म्हणणे कोशात सापडते. तरीही एका शब्दाला इतके अर्थ का असावेत, आणि कोठे कोणता घ्यावा, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

आपल्या मुलांच्या दृष्टीने हा प्रश्न लहान नाही. ज्या घरात इंग्रजी कानावर पडत नाही तेथे इंग्रजी शब्द वहीतून येतो. वहीच्या एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला एक मराठी शब्द, मध्ये रेघ. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचणारा मी पहिलाच. विचारायला घरी कोणी नव्हते, तेव्हा आमचीही इंग्रजीची शाळा ही वहीच होती. या वहीचा दोष असा की ती शब्दाला नाण्यासारखे वागवते. नाण्याला दोनच बाजू असतात. शब्दाचे तसे नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या संपादकांनी 'रन' या एका क्रियापदाचे सहाशेहून अधिक अर्थ मोजले आहेत. हे ऐकून विद्यार्थ्याने घाबरण्याचे कारण नाही, कारण हे अर्थ सुटे पडलेले नसतात. एका मुळातून फांद्या फुटाव्यात तसे ते फुटतात. मूळ सापडले की फांदी ओळखता येते. 'राइट' या शब्दाच्या फांद्या 'रन' इतक्या नाहीत. पण आपल्या कामाच्या दृष्टीने त्याच्या तोडीचे इंग्रजी शब्द थोडेच आहेत.

मूळ अर्थ 'सरळ' असा आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या शब्दाचा उच्चार सुमारे 'रिख्त' असा होत असे. आजच्या स्पेलिंगमध्ये मधेच 'जी' आणि 'एच' ही दोन मुकी अक्षरे का, असे मुले विचारतात. ती त्या जुन्या 'ख' ची खूण आहे. उच्चार गेला, अक्षरे राहिली. 'नाइट' आणि 'लाइट' या शब्दांतही तेच झाले आहे. लॅटिन भाषेतील 'रेक्टस', म्हणजे सरळ, हा याच कुळातील शब्द. त्यापासून 'करेक्ट' आणि 'डायरेक्ट' आले. आणि आपल्याकडे? संस्कृतातील 'ऋजु' हा याच प्राचीन धातूपासून झालेला शब्द आहे. त्याचे पालीत 'उजु' झाले. जुन्या मराठीत 'उजू' म्हणजे सरळ, आणि आपण रोज बोलतो तो 'उजवा' हा शब्द याच 'उजू' चा नातलग. म्हणजे इंग्रजांचा 'राइट' आणि आपला 'उजवा' हे अर्थाने तर जुळतातच, पण वंशानेही भाऊबंद आहेत. संघवंदनेत आपण 'उजुपटिपन्नो' हा शब्द म्हणतो. सरळ मार्गाने चालणारा, असा त्याचा अर्थ. मेत्तसुत्ताच्या आरंभीही 'उजु' आहेच. मुलांनी हे शब्द नुसते पाठ म्हणण्यापेक्षा 'उजवा' शब्दाशी त्यांचे नाते लक्षात घेऊन म्हणावेत, लक्षात राहतात.

'सरळ' पासून 'बरोबर' हा अर्थ कसा निघाला हे मराठी माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. आपणही चांगल्या माणसाला 'सरळ' म्हणतो आणि वाईट वागण्याला 'वाकडे' म्हणतो. 'राँग' या शब्दाचा मूळ अर्थही 'वाकडा, पिळलेला' असाच आहे. ओले कपडे पिळण्याच्या क्रियेला इंग्रजीत 'रिंग' म्हणतात, तो 'राँग' चाच सोबती. त्याच्या स्पेलिंगच्या आरंभी 'डब्ल्यू' असतो, अंगठीच्या 'रिंग' ला नसतो.

हाताची गोष्ट निराळी आहे. जुन्या इंग्रजीत उजव्या हाताला 'अधिक बळाचा' अशा अर्थाचा वेगळाच शब्द होता. पुढे त्याची जागा 'राइट' ने घेतली. बहुसंख्य लोक ज्या हाताने काम करतात तो हात 'सरळ', 'बरोबर' ठरला. दुसऱ्या हाताला 'लेफ्ट' म्हटले, आणि त्या शब्दाचा जुना अर्थ 'दुबळा, निरुपयोगी' असा होता. आपली भाषा येथे इंग्रजीहून पुढारलेली आहे असे मुळीच नाही. 'डावा' म्हणजे कमी प्रतीचा. भेदभाव केला की आपण 'डावे-उजवे केले' म्हणतो. देवाचा कौल उजवा पडला की शुभ. आणि 'डावलणे' हे क्रियापद 'डावा' वरूनच झाले आहे. शरीराच्या एका अवयवाला खालचा ठरवावयाचे आणि मग माणसांना त्याच शब्दाने बाजूला सारावयाचे, अशी ही रीत आहे. जाता जाता शिक्षकबंधूंना एक विनंती : डावखुऱ्या मुलाच्या हातातील पेन्सिल काढून दुसऱ्या हातात देऊ नये. 'राइट हँड' मधील 'राइट' चा अर्थ 'बरोबर हात' असा होत नाही.

रस्त्यावर तर फारच गंमत आहे. आपल्या देशात वाहने डाव्या बाजूने चालतात. म्हणून समोरून चुकीच्या बाजूने येणाऱ्यास आपण 'राँग साइड ने आला' म्हणतो. तो रस्त्याच्या राइट हाताच्या बाजूने आलेला असतो! भारतात रस्त्याची 'राइट' बाजू ही 'लेफ्ट' बाजू आहे, हे वाक्य फळ्यावर लिहून मुलांना अर्थ लावावयास सांगावा. दोन अर्थ वेगळे करण्यास याहून सोपे साधन नाही.

गणितात 'राइट अँगल' म्हणजे काटकोन, ९० अंशांचा. इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकातून प्रथमच भूमिती वाचणारी कित्येक मुले हा कोन आकृतीच्या उजव्याच अंगाला काढतात, आणि डाव्या अंगाला काटकोन असलेला त्रिकोण दिसला की त्याला 'लेफ्ट अँगल' म्हणतात. येथे 'राइट' हा 'सरळ उभा' या मूळ अर्थाने आलेला आहे. कापडाची 'राइट साइड' म्हणजे सुलट बाजू. 'राइट नाऊ' म्हणजे आत्ताच्या आत्ता, 'राइट इन फ्रंट ऑफ द स्कूल' म्हणजे शाळेच्या अगदी समोर. येथे 'सरळ' चे 'थेट' झाले आहे. 'सर्व्ह्ज यू राइट' म्हणजे बरी खोड मोडली. राजकारणात उजवे आणि डावे पक्ष म्हणतात ते १७८९ साली फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत राजाचे पाठीराखे अध्यक्षाच्या उजव्या हाताला बसू लागले त्यावरून. त्या 'राइट' चा बरोबर असण्याशी काही संबंध नाही, डाव्यांच्या 'लेफ्ट' चा दुबळेपणाशी नाही.

आता 'सम्मा' कडे वळू. टी. डब्ल्यू. र्‍हीस डेव्हिड्स यांनी १८८१ साली धम्मचक्कप्पवत्तन सुत्ताचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी 'सम्मा' साठी 'राइट' वापरला आणि इंग्रजीत हाच शब्द रूढ झाला. भाषांतर वाईट नाही, पण अपुरे आहे. पालीत उजव्या हाताला 'दक्खिण' म्हणतात आणि सरळ याला 'उजु'. 'सम्मा' हा तिसराच शब्द आहे. 'सं' म्हणजे एकत्र, पूर्णपणे. त्याला गतिवाचक धातू जोडून हा शब्द बनला. सर्व अंगांनी नीट, एका दिशेने जाणारे, ते सम्मा. परीक्षेतील उत्तराप्रमाणे केवळ 'बरोबर', असा त्याचा अर्थ घेतला तर सम्यक आजीविका म्हणजे गुन्हा न करता मिळविलेली मिळकत एवढाच अर्थ उरेल, आणि मग मद्याचा परवाना असलेला दुकानदारही त्यात बसेल. ते बसत नाही. म्हणून मराठीत 'सम्यक' हाच शब्द ठेवणे चांगले. बाबासाहेबांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्धा अँड हिज धम्मा' या इंग्रजी ग्रंथातही या अंगांची पाली नावे ठेवलेली आढळतात. इंग्रजीवर त्यांच्याएवढे प्रभुत्व असलेल्या माणसाने मूळ शब्द सोडला नाही, याची आपल्या भाषांतरकारांनी नोंद घ्यावी.

येथवरचे अर्थ चुकले तर गुण जातील, फार तर चारचौघांत हसे होईल. पुढचा अर्थ चुकला तर त्याहून बरेच काही जाते. तो अर्थ 'हक्क'.

'सरळ, न्याय्य' यापासून 'न्यायाने ज्याचे जे आहे ते' हा अर्थ निघाला. फक्त इंग्रजीतच असे झाले असे नाही. फ्रेंच 'द्र्वा' या शब्दात सरळ, उजवे आणि हक्क हे तिन्ही अर्थ आहेत. जर्मन 'रेख्ट' म्हणजे न्याय्य, कायदा आणि हक्क. आपण वापरतो तो 'हक्क' शब्द अरबी आहे आणि अरबीत 'हक्क' म्हणजे सत्यसुद्धा. १७९१ साली टॉमस पेन यांच्या 'राइट्स ऑफ मॅन' या ग्रंथाचा पहिला भाग निघाला. तरुण जोतिराव फुल्यांनी तो पुढे पुण्यात वाचला. त्या शीर्षकात 'राइट' ला शेवटी 'एस' लागलेला आहे, हे विद्यार्थ्याने पाहावे. 'बरोबर' आणि 'उजवा' या अर्थांचे विशेषण अनेकवचनी होत नाही. अनेकवचन दिसले की तेथे बहुधा हक्कच समजावा.

याहूनही महत्त्वाची खूण म्हणजे क्रियापद. 'इट इज राइट टु गिव्ह वॉटर टु द थर्स्टी' या वाक्याचा अर्थ, तहानलेल्यास पाणी देणे योग्य आहे. 'द थर्स्टी हॅव अ राइट टु वॉटर' या वाक्याचा अर्थ, तहानलेल्यांचा पाण्यावर हक्क आहे. पहिल्यात 'इज', दुसऱ्यात 'हॅव' आणि 'अ'. दिसावयास फरक दोन लहान शब्दांचा, पण दोन्ही वाक्यांत मालक बदलला. पहिल्या वाक्यात सारे देणाऱ्याच्या चांगुलपणावर आहे. त्याने पाणी दिले तर तो भला, नाही दिले तर तो वाईट. तहानलेला मात्र दोन्ही वेळा ओंजळ करून उभाच आहे. दुसऱ्या वाक्यात तहानलेला कर्ता झाला आणि देणारा वाक्यातून निघून गेला.

आपल्या लोकांना हे व्याकरण महाडने शिकविले. १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले ठरले. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. कागदावर 'राइट' आला होता. पण २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांच्यामागे हजारो लोक तळ्याकडे चालत गेले आणि पाणी प्याले, तेव्हा तो बजावला गेला. पुढे खटला दहा वर्षे चालून १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. 'हक्क बजावणे' याला इंग्रजीत 'टु एक्सरसाइज अ राइट' म्हणतात. 'एक्सरसाइज' म्हणजे व्यायाम किंवा स्वाध्याय एवढेच ज्याच्या वहीत आहे, त्याने तेथे हा तिसरा अर्थ लिहून ठेवावा.

'इज राइट' चे 'हॅव अ राइट' कसे होते याचे दुसरे उदाहरण शाळेचेच आहे. संविधानाच्या मूळ कलम ४५ मध्ये चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्यासाठी राज्याने दहा वर्षांत प्रयत्न करावा असे होते. ते मार्गदर्शक तत्त्व होते. राज्याने असे करणे योग्य, पण न केल्यास पालकाला त्या कलमाच्या जोरावर न्यायालयात जाता येत नव्हते. २००२ साली ८६ व्या घटनादुरुस्तीने कलम २१-अ आले, २००९ साली कायदा झाला, १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला, आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलाचा तो हक्क बनला. उलट दिशेनेही असे घडते. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला गेला. तो 'राइट' राहिला, 'फंडामेंटल' राहिला नाही. म्हणून 'राइट' च्या आधी कोणते विशेषण लागले आहे तेही वाचावयाचे.

मराठीत या अर्थाला दोन शब्द चालतात, हक्क आणि अधिकार. संविधानाच्या मराठी प्रतीत 'मूलभूत हक्क' आहे. २००९ चा शिक्षणाचा कायदा 'हक्क' म्हणतो, २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा कायदाही 'हक्क' म्हणतो. २००५ चा कायदा मात्र 'माहितीचा अधिकार' या नावाने ओळखला जातो. सरकारी भाषांतरकारांना दोन्ही सारखेच वाटत असावेत. मला तसे वाटत नाही. 'अधिकार' म्हणजे सत्ता. म्हणून खुर्चीवर बसतो तो अधिकारी. शास्त्रांच्या भाषेत 'अधिकार' म्हणजे पात्रता, आणि ही पात्रता जन्माने ठरविणाऱ्यांनी वेदाध्ययनाचा अधिकार कोणाला नाही हे आपल्या पूर्वजांना शतकानुशतके ऐकविले. 'हक्क' शब्दाला पात्रतेचा हा वास नाही. माहिती मागणारा नागरिक अधिकारी नसतो, हक्कदार असतो. इंग्रजीत तर 'पॉवर' आणि 'राइट' हे उघडच वेगळे शब्द आहेत. तेव्हा 'पॉवर' साठी अधिकार आणि 'राइट' साठी हक्क असे ठेवल्यास घोटाळा होणार नाही.

आणखी एक शब्द मधे घुसतो, तो म्हणजे 'सवलत'. बसभाड्यात सूट मिळते ती सवलत. देणाऱ्याने ती उद्या बंद केली तर तक्रार करता येईल, दावा करता येत नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी गेलेल्या मुलाला खिडकीपलीकडून 'तुम्हाला तर सवलत आहे' असे ऐकावे लागते, तेव्हा त्याला शब्द बदललेला ओळखता आला पाहिजे. कायद्याचे इंग्रजी याबाबतीत फार सावध असते. सरकारी नोकरांच्या रजेच्या नियमांत रजा 'ॲज ऑफ राइट' मागता येणार नाही असे म्हटलेले असते. 'ॲज ऑफ राइट' म्हणजे हक्क म्हणून. रजा मागणे गैर आहे असा त्याचा अर्थ होत नाही. मंजूर करणे वरिष्ठांच्या हाती आहे एवढाच होतो. याउलट माहिती नाकारणाऱ्या पत्रात 'यू हॅव द राइट टु अपील' असे लिहिलेले असते, आणि पहिले अपील तीस दिवसांत करावयाचे असते. ज्याने तेथे 'राइट' म्हणजे 'बरोबर' असे वाचले, त्याचे तीस दिवस पत्र घडी करून ठेवण्यात जातात.

पुस्तकाच्या पहिल्या पानावरील 'ऑल राइट्स रिझर्व्ह्ड' म्हणजे सर्व हक्क राखून ठेवलेले. त्यातील 'रिझर्व्ह्ड' चा आरक्षणाशी संबंध जोडणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. 'कॉपीराइट' मध्ये हा हक्काचा 'राइट' आहे, लिहिण्याचा नाही. 'प्लेराइट' म्हणजे नाटककार. त्यातील 'राइट' मात्र चौथाच. त्याच्या स्पेलिंगच्या आरंभी 'डब्ल्यू' आहे आणि अर्थ 'घडविणारा, कारागीर' असा आहे. शिवाय लिहिणे या अर्थाचा 'राइट' आणि धार्मिक विधी या अर्थाचा 'राइट' हेही उच्चाराने असेच. देवनागरीत चारही एकसारखे दिसतात, पण हे चार वेगळे शब्द आहेत, एका शब्दाचे चार अर्थ नव्हेत. कोशात ते वेगवेगळ्या ठिकाणी सापडतील.

कोश उघडला की प्रथम शब्दापुढील व्याकरणाची खूण पाहावी. तो नाम आहे, विशेषण आहे, क्रियाविशेषण आहे की क्रियापद, हे कळल्यावर निम्मे अर्थ आपोआप गळतात. मग दिलेली वाक्ये वाचावीत आणि आपल्या हातातील वाक्य ज्याच्याशी जुळेल तोच अर्थ घ्यावा. पहिला अर्थ पहिला छापलेला असतो म्हणून तो घेऊ नये.

पुढील वाक्ये अभ्यासवर्गात फळ्यावर लिहून घ्यावीत : 'हर राइट आय इज वीक'. 'दे वेअर राइट टु आस्क'. 'दे हॅड अ राइट टु आस्क'. 'द बोट राइटेड इटसेल्फ'. 'ही वेंट राइट टु द टँक'. 'शी इज अ पोएट इन हर ओन राइट'. चौथ्या वाक्यात 'राइट' क्रियापद आहे, एवढी मदत पुरे. शेवटच्या वाक्यासाठी कोश लागेल. ती स्त्री कोणाची पत्नी किंवा मुलगी म्हणून नव्हे, तर स्वतःच्या बळावर कवयित्री आहे, असा त्याचा रोख आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्यातील फरक मात्र प्रत्येकाने स्वतंत्र कागदावर, मराठीत, निदान चार ओळींत लिहून आणावा.